आवाजाची मजुरी : आशा पुथली यांच्या निमित्ताने

जॅझ म्हटले की आपल्याकडे पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मोठ्या हॉटेलातला नाच उभा राहतो. परंतु हे संगीत वाढले ते अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत. आयत्या वेळची उपज हा त्याचा प्राण. १९३० नंतर ते मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात रुजले आणि गोव्याच्या वादकांनी ते चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नेले. या वादकांना हजेरीप्रमाणे पैसे मिळत. पडद्यावर नाव क्वचितच येई. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. सूर शास्त्राने शिकलो नाही, पण मजुरीचा हिशेब आम्हांस कळतो. म्हणून एका गायिकेची वाटचाल आम्ही त्या अंगाने पाहतो.

आशा पुथली यांचा जन्म १९४५ मध्ये मुंबईत झाला. हिंदुस्थानी गायकी आणि पाश्चात्य ऑपेरा या दोन्हींची तालीम त्यांनी घेतली. काही काळ विमानात सेविकेची नोकरी करून त्या न्यूयॉर्कला गेल्या. बिली हॉलिडे यांना पुढे आणणारे जॉन हॅमंड यांनी त्यांचा गळा हेरला, आणि १९७१ मध्ये ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी दोन गाणी गायली.

कोलमन यांचा प्रयोग काय होता? एरवी जॅझमध्ये स्वरसंघांची एक ठरलेली मालिका मागे चालत असते आणि गायक तिच्या आधाराने विस्तार करतो. कोलमन यांनी तो आधारच सैल केला. पुढे कोठे जायचे हे चालीनेच ठरवावे, असा त्यांचा आग्रह. मागच्या साथीवर विसंबणारा गायक अशा ठिकाणी चाचपडतो. परंतु तंबोऱ्याच्या एका षड्जावर आलापी करीत वाढलेल्या गळ्याला स्वतःच्या पायांनी चालण्याची सवय असते. पुथलीबाई तेथे डगमगल्या नाहीत याचे मूळ आम्हांस या तालमीत दिसते.

परंतु बाजाराला नव्या वाटेपेक्षा ओळखीचे दुकान प्रिय. १९७३ पासून त्यांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या मुख्यतः पॉप आणि नाचाच्या संगीताच्या. १९७६ च्या ‘द डेव्हिल इज लूज’मधील ‘स्पेस टॉक’ हे गाणे न्यूयॉर्कच्या नाचघरांत गाजले. १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या रॅप गायकाच्या ध्वनिमुद्रिकेत त्याचाच तुकडा वापरला गेला.

आता हिशेब पाहू. अशा तुकड्यात तीन हक्क गुंतलेले असतात : चाल व शब्द रचणाऱ्यांचा, ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा आणि गाणाऱ्याचा. पहिल्या दोघांची परवानगी घ्यावी लागते. गाणाऱ्याच्या पदरात मात्र करारात लिहिले असेल तेवढेच पडते.

आपल्याकडेही हा झगडा जुना आहे. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांसाठी स्वामित्वधन मागितले, तेव्हा मोहम्मद रफींशी त्यांचे बिनसले. रफींचे म्हणणे, एकदा मोबदला घेतला की व्यवहार संपला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांच्या बाबतीत निर्मात्याची बाजू उचलून धरली. १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात कलावंताचा हक्क आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याच्या गायन-वादनाच्या व्यापारी वापरावर स्वामित्वधनाचा वाटाही मान्य केला.

आमच्या वाघोलीत दगडखाणी आहेत. फोडलेला दगड गाडीत चढला की फोडणाऱ्याचा संबंध तुटतो. रस्त्यावरून किती वाहने गेली याचा दाम त्याला कोणी देत नाही. आवाजाचे तसे नाही. तो जितक्या वेळा वाजतो, तितक्या वेळा गाणारा कामावर असतो. म्हणून नगर रस्त्यावरच्या मंगल कार्यालयांत गाणाऱ्या तरुण मुलामुलींना आमचे सांगणे एवढेच : ध्वनिमुद्रण होणार असेल, तर करार वाचल्याशिवाय सही करू नका, आणि वाचायला एकटे बसू नका, चौघे मिळून बसा.