द्रवीय गतिरोधक नळ्या व त्यांची दुरुस्ती
मोटारगाडीच्या पेडलावर पायाने दिलेला दाब द्रवाच्या द्वारे चाकांतील गतिरोधकांपर्यंत म्हणजे ब्रेकपर्यंत पोहोचविणाऱ्या बारीक धातूच्या नळ्यांना द्रवीय गतिरोधक नळ्या म्हणतात. व्यवहारात त्यांना ब्रेक पाइप असे नाव आहे. बंदिस्त द्रवाच्या एका भागावर दिलेला दाब त्यात सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या ब्लेझ पास्काल यांच्या नियमावर ही योजना आधारलेली आहे. मोटारगाड्यांसाठी ही पद्धत अमेरिकेतील माल्कम लॉगहेड यांनी विकसित केली आणि १९२१ साली ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या गाडीत चारही चाकांना द्रवीय गतिरोधक बसविण्यात आले. प्रधान सिलिंडरपासून चाकांच्या जवळपर्यंत धातूची नळी असते. चाके वरखाली होत असल्याने व पुढची चाके वळत असल्याने शेवटच्या टप्प्यात लवचिक रबरी नळी जोडतात.

रचना व धातू : लहान गाड्यांतील नळीचा बाहेरील व्यास बहुधा ४·७५ मिमी. व भिंतीची जाडी सु. ०·७ मिमी. असते. जोराने गाडी थांबविताना नळीतील दाब दर चौ. सेंमी.ला १०० किग्रॅ. किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. तो सहन करण्यासाठी तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी दोन वेढ्यांत गुंडाळून व भट्टीत तांब्यानेच सांधून दुहेरी भिंतीची नळी तयार करतात. ९० टक्के तांबे व १० टक्के निकेल असलेल्या मिश्रधातूची नळी गंजत नाही व वाकविण्यास सोपी असते. व्होल्व्हो कंपनीने १९७६ मध्ये तिचा अवलंब केला. शुद्ध तांब्याची नळी मऊ असली, तरी कंपनांमुळे धातूला शिणवटा येऊन ती तडकण्याचा संभव असतो. म्हणून ती या कामी वापरणे योग्य नाही.

बिघाडाची कारणे : पोलादी नळी बहुधा बाहेरून गंजते. थंड देशांत बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर टाकलेले मीठ आणि कोकणासारख्या किनारी प्रदेशांत खारी दमट हवा यांमुळे गंज लवकर चढतो. नळी धरून ठेवणाऱ्या चिमट्यांमागे चिखल साचतो व तेथे ती प्रथम पोखरली जाते. शिवाय ग्लायकॉल वर्गातील गतिरोधक द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो, त्यामुळे गंज आतूनही लागू शकतो. डॉट ३ या प्रतीच्या कोरड्या द्रवाचा उकळबिंदू किमान २०५° से. असावा लागतो, पाणी शोषलेल्या द्रवासाठी ही मर्यादा १४०° से. आहे. द्रव उकळून वाफ झाली किंवा त्यात हवा शिरली, तर पेडलाचा दाब ती वाफ वा हवा दाबण्यातच खर्च होतो. नळी फुटल्यास त्या मंडलातील दाब नाहीसा होतो. दोन स्वतंत्र मंडले असलेल्या गाडीत दुसरे मंडल काम देते. तथापि गाडी थांबण्यास बरेच अधिक अंतर लागते. पेडल हळूहळू खाली जाणे, टाकीतील द्रवाची पातळी घटणे व नळीवर ओल दिसणे ही गळतीची लक्षणे होत. अशी गाडी चालवू नये.

फ्लेअर : नळीचे टोक नटाच्या साहाय्याने जोडाच्या बैठकीवर घट्ट दाबले जाते व धातूवर धातू बसून जोड द्रवबंद होतो, त्यात वॉशर किंवा लुकण नसते. म्हणून टोक ठराविक आकारात पसरविणे आवश्यक असते. यालाच फ्लेअर करणे म्हणतात. ४५° कोनाच्या दुहेरी फ्लेअरमध्ये नळीची कड आत दुमडलेली असते. त्यामुळे बैठकीवर धातूचे दोन थर येतात व तडकण्याचा धोका कमी होतो. दुसऱ्या, फुगीर प्रकारात टोकाला बुडबुड्यासारखा आकार देतात. हे दोन प्रकार एकमेकांऐवजी चालत नाहीत. नटांच्या बाबतीतही अशीच सावधगिरी लागते. १० मिमी. व्यासाचा व १ मिमी. अंतराच्या आट्यांचा नट आणि इंची मापाचा ३/८ इंच व्यासाचा, इंचाला २४ आट्यांचा नट दिसण्यात सारखे असतात. पण दुसऱ्याचा व्यास ९·५२५ मिमी. असल्याने अदलाबदल झाल्यास जोड सैल राहतो किंवा आटे बिघडतात.

कृती : नळी करवतीने न कापता फिरत्या चाकाच्या कटरने काटकोनात कापतात. कडेची धारदार कोर आतून-बाहेरून काढून नळी स्वच्छ करतात व फ्लेअर करण्यापूर्वीच नट तीत ओवतात. मग दोन भागांच्या पकडपट्टीत नळी घट्ट धरून साच्याच्या खांद्याच्या उंचीइतके टोक बाहेर ठेवतात. प्रथम साचा दाबल्यावर टोक फुगते. नंतर शंकू दाबल्यावर फुगीर कड आत दुमडली जाते. फ्लेअर मध्यभागी नसेल किंवा त्यावर चीर दिसली, तर ते टोक कापून पुन्हा करावे. सदोष फ्लेअर नट अधिक आवळून द्रवबंद होत नाही. नळी चुरगळू नये म्हणून ती वाकयंत्रावर वाकवितात आणि हलत्या व तप्त भागांपासून दूर, मूळच्या चिमट्यांत बसवितात.

गंजून खड्डे पडलेली नळी डाख देऊन, रबरी तुकडा घालून किंवा दाबकड्याच्या जोडाने सांधू नये. शक्यतो संपूर्ण नळी बदलावी. मध्येच जोड देणे भाग असल्यास शाबूत धातूपर्यंत कापून दोन्ही टोकांना फ्लेअर करावा व योग्य जोडनळी वापरावी.

परीक्षण : जोड झाल्यावर ताजा द्रव भरून उत्पादकाने सांगितलेल्या क्रमाने प्रत्येक चाकापाशी हवा काढतात. चाक घसरू न देणारी इलेक्ट्रॉनीय यंत्रणा असलेल्या काही गाड्यांत यासाठी निदान-उपकरणही लागते. नंतर पेडल जोराने दाबून धरून प्रत्येक जोड कोरडा असल्याची खात्री करतात. पेडल टणक राहून खाली सरकत नसेल, तरच मोकळ्या जागी मंद वेगाने चाचणी घेतात व मगच गाडी रस्त्यावर आणतात.