हरकत कोण घेणार? गिऱ्हाईक की दुकानदार?

व्हेपिंगच्या नियमांवरून अमेरिकेत दहा वर्षांहून जास्त काळ रणकंदन झालं. गिऱ्हाईक एकीकडून ओरडत होतं, दुकानदार दुसरीकडून. फायदा कोणाचा झाला? वाचा!

पेपरात आतल्या पानावर, टेंडर नोटिशींच्या शेजारी, मुंगीएवढ्या टाइपात एक ओळ असते: 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत.' तुम्ही कधी वाचलीय? नाही ना? कोणीच वाचत नाही! आणि मग नियम लागू झाला की आपण ऑफिसच्या कँटीनमध्ये तावातावाने विचारतो, 'हे ठरवलं कोणी?'

एप्रिल २०१४ मध्ये अशीच एक नोटीस अमेरिकेत निघाली. काढली होती तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने. विषय होता ई-सिगारेट. बॅटरी, तापणारी कॉइल आणि निकोटिन मिसळलेलं लिक्विड, एवढाच मामला. चिनी फार्मासिस्ट होन लिक यांनी २००३ मध्ये तो बनवला. तंबाखू जळत नाही, धुराऐवजी वाफ येते. निकोटिनचं व्यसन मात्र तसंच! तोवर अमेरिकेत गावोगावी छोटी व्हेप शॉप्स उघडली होती. अनेक ठिकाणी मालकच काउंटरवर उभा आणि तोही बऱ्याचदा सिगारेट सोडलेला.

गोम एका तारखेत

नोटिशीतल्या अर्ध्या गोष्टी कोणालाही पटाव्यात अशा होत्या. १८ वर्षांखालच्यांना विक्री नको, ओळखपत्र बघा, पाकिटावर 'निकोटिनचं व्यसन लागतं' हा इशारा छापा. याला कोण नाही म्हणेल?

खरी गोम होती १५ फेब्रुवारी २००७ या तारखेत. ही तारीख २००९ च्या तंबाखू कायद्यातून आलेली. त्या दिवशी जे उत्पादन अमेरिकेच्या बाजारात नव्हतं, त्याला नव्याने मंजुरी घ्यावी लागणार होती. ई-सिगारेट तर तिथे पोचलीच साधारण त्या सुमारास! म्हणजे जवळपास प्रत्येक व्हेप परीक्षेला बसणार आणि तेव्हा दुकानात असलेल्या जुन्या सिगारेटी मात्र परीक्षेशिवाय पास. शिवाय जो दुकानदार मागच्या खोलीत स्वतः लिक्विड मिसळतो, तो कायद्याने 'उत्पादक' ठरणार. चार बाय सहाच्या काउंटरवाल्याने मोठ्या कंपनीसारखे कागद आणायचे कुठून?

हरकतींसाठी आधी ७५ दिवस होते, नंतर मुदत ८ ऑगस्ट २०१४ पर्यंत वाढली. एफडीएकडे सव्वा लाखाहून जास्त हरकती आणि सूचना आल्या. व्हेप वापरणाऱ्यांची कासा ही संघटना २००९ पासूनच मैदानात होती. 'मी सिगारेट कशी सोडली' ही स्वतःची गोष्ट सरकारला लिहून कळवा, हा ग्राहकांच्या मोहिमेचा सिंपल फंडा.

दुकानदार का हवा?

कारण गिऱ्हाईक विखुरलेलं असतं. एक आयटीत, एक बँकेत, एक ट्रक चालवतो. त्यांची गाठ पडते ती एकाच जागी, काउंटरवर! कोणाची दिवसाची वीस सिगारेटींची सवय सुटली, कोण दोन्ही ओढतोय, कोण कमी निकोटिनवर आला, ही माहिती कुठल्याही सरकारी फायलीपेक्षा दुकानदाराकडे जास्त. तो गप्प बसला तर गिऱ्हाइकाची हरकत 'व्यसनी माणसाची कुरकुर' वाटते. आणि तो एकटाच बोलला तर? 'याला गल्ल्याची काळजी!' दोघं एकत्र बोलले तरच गोष्टीत वजन येतं.

पण छोटा दुकानदार काय म्हणतो? 'कंपनी बघेल की!' 'उगाच साहेबांच्या नजरेत कशाला यायचं?' 'अजून तर धंदा बरा चाललाय.' ही वाक्यं ओळखीची वाटतायत ना? आपल्या सोसायटीच्या मीटिंगला न येणारेही हेच म्हणतात!

युरोपात काय झालं बघा. डिसेंबर २०१२ मध्ये युरोपियन कमिशनने प्रस्ताव आणला की ठराविक मात्रेपेक्षा जास्त निकोटिनचे व्हेप औषध मानायचे. औषध म्हटलं की औषधाची मंजुरी आली, छोटी दुकानं बाद. व्हेपर्सनी आपापल्या खासदारांना गाठलं, ई-मेल पाठवले, आपल्या गोष्टी सांगितल्या. ८ ऑक्टोबर २०१३ ला युरोपियन संसदेने ती अट फेटाळली. नियम आलेच, २० मे २०१६ पासून: लिक्विडमध्ये मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंतच निकोटिन आणि रिफिलची बाटली १० मिलिलिटरपर्यंतच. पण दुकान उघडं राहिलं.

मग अमेरिकेत काय बिनसलं?

मे २०१६ मध्ये अंतिम नियम आला. २००७ ची तारीख जशीच्या तशी! ती बदलायला टॉम कोल आणि सॅनफर्ड बिशप या दोन खासदारांनी दुरुस्ती सुचवली, तिचा कायदा झालाच नाही. सप्टेंबर २०२० च्या मुदतीपर्यंत एफडीएकडे ६५ लाखांहून जास्त उत्पादनांचे अर्ज आले आणि त्यातले बहुतेक फेटाळले गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये पहिल्यांदा मंजुरी मिळाली ती व्ह्यूज सोलो या व्हेपला. बनवणारी कंपनी? आर. जे. रेनॉल्ड्स व्हेपर, म्हणजे सिगारेटवाल्या रेनॉल्ड्सच्याच घरातली!

पुढचा किस्सा आणखी बोलका आहे. २० जून २०२५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की, एफडीएने व्हेप नाकारला तर तो विकू पाहणारा दुकानदारही कोर्टात जाऊ शकतो. दुकानदारांचा विजय! पण त्या खटल्यात टेक्सासचा दुकानवाला आणि मिसिसिपीतली पेट्रोल पंप व किराणा दुकानांची संघटना कोणासोबत उभी होती? त्याच रेनॉल्ड्स व्हेपरसोबत. दुकानदाराला पार्टनर मिळाला खरा, पण तो काउंटरच्या पलीकडचा गिऱ्हाईक नव्हता.

दुसरी बाजू, आणि ती मोठी आहे

आता जरा कडू गोळी. २०१५ मध्ये ज्यूल आलं आणि अमेरिकेतली शाळकरी मुलं वाफा सोडू लागली. २०१९ च्या सरकारी पाहणीत हायस्कूलमधली चारातली एकाहून जास्त मुलं व्हेप करत होती. त्याच वर्षी फुप्फुसाच्या आजाराची लाट आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण हॉस्पिटलात गेले किंवा दगावले, त्यात ६८ मृत्यू. त्याचा मुख्य संबंध गांजाच्या बेकायदा काडतुसांतल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी निघाला, पण बदनामी सगळ्यांची झाली.

दुसरीकडे २०१९ मध्येच ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत वर्षभराने सिगारेटमुक्त राहिलेले होते व्हेपवाल्यांत १८ टक्के आणि निकोटिन पॅच-च्युइंगगमवाल्यांत ९.९ टक्के. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मोठ्यांना उपयोग होतो आणि मुलं अडकतात. म्हणूनच ज्या दुकानदाराने चौदा वर्षांच्या पोराला विकलं, त्याने हरकतीचा हक्क स्वतःच घालवला. 'नियम नकोच' म्हणणारा हरतो. 'हा नियम ठेवा, तो बदला' म्हणणाऱ्याचं निदान ऐकलं तरी जातं.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राने राज्यांना सल्ला दिला आणि १८ सप्टेंबर २०१९ ला थेट वटहुकूम आला. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, जाहिरात करणं, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणंही गुन्हाच. असोसिएशन ऑफ व्हेपर्स इंडिया ही ग्राहकांची संघटना विरोध करत होती, पण वटहुकुमाला हरकतींची मुदत नसते. आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर सिगारेट? ती आजही मिळते.

म्हणून दुकानदार मंडळी, मग तुम्ही लंडनला व्हेप विका नाहीतर पुण्यात आणखी काही, जिथे नोटीस निघते, तिथे वेळ तेव्हाच असते.

नोटीस दिसली तर…

• मसुदा पूर्ण वाचा. तारखा आणि व्याख्या आधी!
• काउंटरवर शेवटची तारीख आणि पत्ता मोठ्या अक्षरात लावा.
• गिऱ्हाइकाला छापील पत्र देऊ नका. त्याची गोष्ट त्याच्याच शब्दांत लिहू द्या.
• मान्य असलेले नियमही लिहा, वयाची अट सगळ्यात वर.
• आपण काय विकतो, कोणाचा पैसा घेतो, ते उघड सांगा. लपवलेलं नंतर बाहेर येतंच!
• गिऱ्हाईक असाल तर आज दुकानदाराला एवढंच विचारा: 'तुमची हरकत गेली का?'