मूतखडा मोठा, छेद लहान

जत तालुक्यात मार्चपासूनच उन्हाचा ताप जाणवू लागतो. पेठेतील व्यापारी सकाळी गादीवर बसला की गिऱ्हाईक, उधारी आणि मालाची गाडी यांत पाणी पिण्याचे भान राहत नाही. अनेक घरांत सूर्यास्तानंतर चौविहार असतो. घामावाटे पाणी निघून जाते, लघवी थोडी व दाट होते, आणि तिच्यातील कॅल्शियम, ऑक्झलेट अशा क्षारांचे कण मूत्रपिंडात जमू लागतात. मूतखड्याची सुरुवात बहुधा अशीच होते.

लहान खडा मूत्रवाहिनीत सरकला म्हणजे असह्य कळ येते आणि रुग्ण धावत दवाखाना गाठतो. मोठा खडा मात्र पुष्कळदा गप्प असतो. मूत्रपिंडाच्या पोकळीत हरणाच्या शिंगासारख्या फांद्या पसरून तो वर्षानुवर्षे बसून राहतो. कमरेत जडपणा, अधूनमधून ताप किंवा लघवीत रक्त एवढीच त्याची खूण असते. ‘दुखत नाही, मग सीझन संपल्यावर पाहू,’ असे म्हणत उपचार लांबतो आणि तेवढ्या काळात मूत्रपिंड निकामी होऊ शकते. मोठ्या खड्याच्या बाबतीत खरा धोका वेदनेचा नसून विलंबाचा आहे.

पूर्वी अशा खड्यासाठी कुशीत वीतभर छेद घ्यावा लागे. 1976 साली स्वीडनमध्ये पाठीतील लहान छिद्रातून खडा काढण्याची पद्धत प्रथम वापरली गेली. 1980 मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे शरीराबाहेरून धक्कालहरी देऊन खडा फोडण्याचा उपचार सुरू झाला. गुजरातमधील नडियादच्या मूत्ररोग रुग्णालयाने 2011 च्या सुमारास सुईएवढ्या छिद्रातून खडा फोडण्याचे तंत्र जगापुढे मांडले. आज रुग्णापुढे अनेक पर्याय आहेत आणि त्यांतून निवड कशी करावी, हाच प्रश्न घरोघरी पडतो.

पहिली पद्धत धक्कालहरींची. हिच्यात छेद नाही. परंतु फुटलेले तुकडे लघवीवाटे आपोआप पडावे लागतात. दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्याचे तुकडे मूत्रवाहिनीत अडकून बसण्याची भीती असते. म्हणून ती लहान व ठिसूळ खड्यांनाच अधिक मानवते.

दुसरी पद्धत पीसीएनएल. पाठीतून मूत्रपिंडापर्यंत सुमारे आठ ते दहा मिलिमीटर रुंदीची वाट करून दुर्बीण आत नेतात, खडा फोडतात आणि तुकडे त्याच वाटेने बाहेर काढतात. दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्यासाठी आजही बहुतेक तज्ज्ञ प्रथम हिचाच विचार करतात, कारण एका बैठकीत मूत्रपिंड मोकळे होण्याची शक्यता हिच्यात सर्वाधिक असते. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे तिचे धोके. ‘मिनी’ प्रकारात हीच वाट सुमारे पाच-सहा मिलिमीटरची असते. रक्तस्राव कमी होतो, पण खडा फार मोठा असल्यास वेळ अधिक लागतो.

तिसरी पद्धत आरआयआरएस. लवचिक दुर्बीण लघवीच्या नैसर्गिक मार्गानेच वर नेऊन लेझरने खड्याचा भुगा करतात. शरीरावर छेद नसतो आणि रुग्ण लवकर घरी जातो. मात्र खडा मोठा असल्यास दोन किंवा अधिक बैठका लागू शकतात. शस्त्रक्रिया लांबली तर जंतुसंसर्ग रक्तात पसरण्याचा धोकाही वाढतो. मूत्रवाहिनीच्या तोंडाशी जन्मजात अरुंदपणा असेल, तर लॅपरोस्कोपीने दोन्ही दोष एकदमच दूर करता येतात.

व्यापारी मन साहजिकच विचारते, ‘दुकान किती दिवस बंद राहील? खर्च किती?’ प्रश्न रास्त आहेत, पण एका बैठकीचा दर पाहून हिशेब पुरा होत नाही. स्वस्त वाटणाऱ्या उपचाराच्या तीन फेऱ्या झाल्या, तर तोच महाग पडतो. मिरज-सांगलीला तज्ज्ञाकडे जाताना पुढील गोष्टी विचाराव्यात: सीटी स्कॅननुसार खडा किती मोठा व किती कठीण आहे? एका बैठकीत तो पूर्ण निघेल का? त्या मूत्रपिंडाचे काम किती उरले आहे? लघवीचा कल्चर तपासून संसर्गावर आधी उपचार झाला का? रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती आवर्जून सांगावी, स्वतःहून बंद करू नये.

शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनीत अनेकदा डीजे स्टेंट नावाची बारीक नळी ठेवतात. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेस ती काढलीच पाहिजे. राहून गेली तर तिच्यावरच खडे चढतात. घरच्यांनी ती तारीख उधारीच्या वहीइतक्याच काळजीने लिहून ठेवावी.

निघालेला खडा तपासणीस द्यावा, कारण पथ्य त्याच्या प्रकारावर ठरते. सर्वसाधारणपणे लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठ कमी करावे. पालक आणि बदाम-काजू बेताने खावेत. दूध-दही स्वतःहून सोडू नये. आहारातील कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवते. लिंबूपाणी बहुतेकांना हितकारक ठरते.

सर्वांत नाजूक प्रश्न पाण्याचा. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी, अशी अपेक्षा असते. चौविहार पाळणाऱ्याने सूर्योदयानंतरच्या अकरा-बारा तासांत दर तासाला सुमारे पाव लिटर उकळून गार केलेले पाणी प्यावे. गादीजवळ तांब्या भरून ठेवला तर हे जमते. तरीही पहाटेची लघवी दाट राहतेच. म्हणून वारंवार खडे होणाऱ्याने किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्याने निर्जळ उपवासाचा निर्णय एकट्याने घेऊ नये. डॉक्टरांना आणि गुरुमहाराजांना, दोघांनाही विचारावे. पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत आणि षोडशकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ सांगितले आहे. शक्ती पाहून केलेले तप हेही तपच होय. पर्युषण किंवा दशलक्षण पर्व जवळ आले असता, ज्यांना पूर्वी खडा झाला आहे त्यांनी व्रत घेण्याआधी एकदा सोनोग्राफी करून घ्यावी.