कुत्रं कोणाच्या नावावर?

पहाटे 5.30

फ्रिज उघडला की पहिली नजर थर्मामीटरवर. रेबीजची लस 2 ते 8 अंश सेल्सिअसच्या आतच राहायला हवी. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, त्यामुळे लस तापून बिघडते एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ती गोठली तरी तितकीच निकामी होते, हे मात्र फार थोडे लक्षात ठेवतात. म्हणून फ्रीझरमधले आईसपॅक काढून लगेच लसीच्या डब्यात घालत नाही. ओट्यावर मांडून त्यांना घाम फुटू देतो. हलवून पाहिल्यावर आत पाणी खुळखुळलं की मगच डबा भरतो.

सिरिंज, सुया, कापूस, गॉजचं बँडेज, कार्डांचा गठ्ठा, रजिस्टर. आणि कपडे धुण्याच्या साबणाची वडी. ती कशाला, असं परिचर पहिल्यांदा विचारत असे, आता तोच आठवणीनं टाकतो.

भादवा सरत आलाय. या दिवसांत कुत्री झुंडीनं फिरतात, एकमेकांना फाडतात, मध्ये येणाऱ्या माणसालाही सोडत नाहीत. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. रेबीजची लस काढणारा लुई पाश्चर 1895 मध्ये त्याच तारखेला वारला. आमची राजूरची फेरी याच आठवड्यात ठेवतो.

सकाळी 6.30

वणीहून राजूरला येताना रस्त्याचे दोन रंग दिसतात. चुनाभट्ट्यांकडची झाडं पांढरी, कॉलरीकडची काळी. लवकर यायचं कारण सोयाबीनची सोंगणी. सात वाजले की माणसं वावरात जातात, आणि माणूस गेला की त्याच्यामागे कुत्रंही जातं. खाणीतली रात्रपाळी तेव्हाच सुटते. इथे तेलंगण, छत्तीसगड, बिहार, उत्तर प्रदेश, सगळीकडची घरं आहेत. मराठी, हिंदी आणि थोडं तेलुगू असं मिसळून बोललं की काम चालतं.

पट्टेवाली कुत्री आधी येतात. क्वार्टरमधला लॅब्राडोर, एक पोमेरेनियन, गळ्यात घुंगरू बांधलेलं एक गावठी पिल्लू. या मालकांची कार्डं जपलेली असतात. मागच्या लसीचा बॅच नंबर, पुढची तारीख, सगळं जागच्या जागी. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग बूस्टर, त्यानंतर दरवर्षी एक. हे त्यांना पाठ असतं.

खाणीतून निवृत्त झालेले एक काका कुत्र्याला घेऊन पुण्यात मुलाकडे राहायला चाललेत. त्यांनी विचारलं, “साहेब, तिथं म्हणे कुत्र्याचं लायसन लागते?”

लागतं. पुणे, मुंबई इथे कुत्रं पाळायचं तर महापालिकेचा परवाना काढावा लागतो, आणि रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय तो मिळत नाही. म्हणून त्यांच्या कार्डावर सही, शिक्का, तारीख नीट वाचता येईल अशी घातली. काका म्हणाले, “म्हणजे आपल्या राजुरात काहीच लागत नाही.”

परवाना विचारायला इथे कोणी दारात येत नाही, हे खरं. पण कायदा काही महापालिकेच्या हद्दीवर थांबत नाही. केंद्र सरकारच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव प्राण्याचं जंतनिर्मूलन, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिली आहे. आपल्या जनावरापासून दुसऱ्याला गंभीर इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वणीत जेवढं लागू, तेवढंच राजुरात.

सकाळी 8

आता खरं काम सुरू होतं. पट्टेवाली संपली की उरतात दारची कुत्री.

एका घरासमोर तांबडी कुत्री पसरली होती, शेजारी तिची पिल्लं. घरातल्या बाईंना म्हटलं, “मावशी, हिला लस टोचून घेऊ.”

“आमची नाही जी ते. दारात बसून रायते म्हणून शिळी भाकर टाकतो.”

“रात्री कोणी आलं तर भुंकते?”

“भुंकते ना. ते हाय म्हणून तं आम्ही बाहेर झोपतो.”

“नाव काय?”

“राणी.”

नाव आहे, रोजची भाकर आहे, राखण आहे. फक्त मालक नाही. कार्डावर मालकाचं नाव लिहायला पेन उघडला की हेच होतं. माणसं मागे सरकतात. उद्या ती कोणाला चावली तर आपल्यावर येईल, ही भीती असते, आणि ती खोटी नाही. पण याच भीतीपायी राजुरातली बरीच कुत्री भाकरीपुरती सगळ्यांची आणि लसीपुरती कोणाचीच नसतात.

मी घाई करत नाही. आधी लस टोचतो, मग कार्ड पुढे करतो. मावशींना सांगितलं, लस दिलेली कुत्री चावली आणि कार्ड तुमच्याजवळ असलं, तर ते तुमच्या बाजूचं कागदपत्र. त्यांनी आत जाऊन मुलाला विचारलं, परत आल्या आणि म्हणाल्या, “लिवा मंग माह्यं नाव.” माझ्या मते अशा एका नावाची किंमत दहा भित्तिपत्रकांपेक्षा जास्त आहे. गावाला परवाना हवा असेल तर तो इथूनच सुरू होतो. दंडाची पावती त्यानंतरची गोष्ट.

सकाळी 9

घरोघर फिरणं. कुत्रं धरायचं काम मालकाचंच, आमचं नाही. अनोळखी हात लागला की शांत कुत्रंही दात दाखवतं.

मुसकं बांधायला गॉजचं लांब बँडेज घेतो. मध्यावर सैल फास करून तो तोंडावर, नाकाच्या थोडा मागे सरकवायचा, वरून आवळायचा. मग दोन्ही टोकं हनुवटीखाली नेऊन एक अढी, आणि तिथून कानांमागे नेऊन सुटी गाठ. ओढली की लगेच सुटली पाहिजे, कारण मुसकं बांधलेल्या कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येत नाहीत आणि उन्हात ते तापतं. मालक डोकं काखेत धरतो, परिचर मागचे पाय सांभाळतो. मानेजवळची कातडी चिमटीत उचलून त्या तंबूत सुई घालायची. एक मिली. कुत्र्याला कळायच्या आत होतं. सुईला परत टोपण लावायचं नाही, ती थेट कटरमध्ये. या कामात असलेल्या सगळ्यांनी स्वतःही आधीच लस घेतलेली असते, त्याशिवाय कुत्र्याला हात लावायचा नाही.

एका दारात तरणा पोरगा म्हणाला, “लस काहून? पालिकेवाले येऊन सगळे उचलून नेले तं झालं.” हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ज्यांच्या लेकराला कुत्रं चावलंय त्यांचा राग मी समजू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2025 मध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा जागांमधून भटकी कुत्री हलवायचा आदेश दिला, त्यामागेही हीच चिंता होती. पण गावातली सगळी कुत्री काढली तर उकिरडा तसाच राहतो, आणि त्यावर शेजारच्या गावातली, लस नसलेली कुत्री येतात. गोव्यात दुसरी वाट धरली. तिथे 2013 पासून मिशन रेबीज या संस्थेची माणसं जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरली, हाती लागलेल्या प्रत्येक कुत्र्याला लस दिली, रंगाची खूण केली आणि मोबाइलवर नोंदवलं. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झालं, देशातलं पहिलं राज्य. सूत्र साधं आहे. दहातल्या सात कुत्र्यांना लस असली की विषाणूला पुढचं कुत्रं सापडेनासं होतं. देशानं 2030 पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवायचं ठरवलंय, त्याचा पायाही हाच आकडा.

10.30

शाळेत अर्धा तास मिळतो. पोरांना जोसेफ माइस्टरची गोष्ट सांगतो. नऊ वर्षांचा मुलगा, पिसाळलेल्या कुत्र्यानं ठिकठिकाणी चावलेला. 6 जुलै 1885 ला पॅरिसमध्ये पाश्चरनं त्याला लस द्यायला सुरुवात केली आणि तो वाचला. पोरं गप्प होऊन ऐकतात. मग एखादा विचारतोच, “सर, बेंबीत चौदा इंजेक्शन देतात ना?”

आजोबांकडून ऐकलेलं असतं. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस देशात 2005 च्या सुमारास बंद झाली. आता दंडाच्या कातडीत अगदी थोडी लस देतात, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पण बेंबीचं भय काही गेलं नाही. त्या भयानं पोरं चावल्याचं घरी सांगतच नाहीत. मी त्यांच्याकडून एवढंच वदवून घेतो, की ओरखडा निघाला तरी घरी सांगायचं. आणि साबण बाहेर काढून एका पोराचा हात नळाखाली धरतो. पंधरा मिनिटं धुवायचं. पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. पोरं कंटाळतात, तरी धुऊ देतो.

दुपारी 12

फोन. “साहेब, गायीच्या घशात काहीतरी अडकलं. चारा गिळत नाही, लाळ गळते. हात घालून पाहू का?”

“हात घालू नका!” हे मी ओरडूनच सांगतो.

जनावराच्या रेबीजचं हेच सगळ्यात फसवं रूप. घसा लुळा पडतो, गिळता येत नाही, हंबरणं घोगरं होतं, मागचे पाय लटपटतात. मालकाला वाटतं कवठ किंवा प्लास्टिक अडकलं, आणि तो प्रेमापोटी कोपरापर्यंत हात आत घालतो. हाताला जखम असली तर लाळेतला विषाणू तिथूनच शिरतो.

जाऊन पाहिलं. महिन्यामागे गोठ्यात कुत्रं शिरलं होतं, हे विचारल्यावर आठवलं. डॉक्टर आले, त्यांनाही तोच संशय. या आजाराची लक्षणं एकदा दिसली की जनावराला काय, माणसालाही उपाय नाही. गाय वेगळी बांधली, कोणी जवळ जायचं नाही म्हणून सांगितलं, आणि तिला चारा-पाणी करणाऱ्या सगळ्यांना आजच्या आज आरोग्य केंद्रात पाठवलं. दुधाचा प्रश्न निघाला. उकळलेल्या दुधाचा धोका नाही, पण या गायीचं दूध आता काढायचंच नाही. घरधनी गोठ्याच्या दांडीला टेकून नुसता उभा होता. ऐन हंगामात दुभती गाय जाते म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घराला वेगळं सांगावं लागत नाही.

ते कुत्रं कोणाचं होतं? कोणालाच माहीत नाही.

दुपारी 2.30

चुनाभट्टीजवळच्या वस्तीत एका पोराला सकाळी कुत्रं चावलं होतं. पोटरीवर दाताच्या खुणा, रक्त आलेलं, आणि वर चुना थापलेला. राजुरात चुना घरोघरी, म्हणून तोच हाताशी येतो. कुठे तिखट भरतात, कुठे हळद-तेल. या सगळ्यानं जखम चिडते आणि खरं धुणं राहून जातं. साबण काढला, वाहत्या पाण्याखाली पाय धरला. रक्त आलेली जखम म्हणजे तिसरी श्रेणी. तिथे लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. जवळ नसेल तर वणीचं ग्रामीण रुग्णालय, नाहीतर थेट यवतमाळचं मेडिकल. रिक्षात बसवूनच मी पुढे गेलो.

कुत्रं यावेळी घरचं निघालं, आणि त्यानंच बराच फरक पडला. चावलेलं कुत्रं दहा दिवस बांधून बघतात. लाळेत विषाणू असलेलं कुत्रं तेवढ्या दिवसांत आजारी पडून मरतं. दहा दिवसांनी ते धडधाकट असलं तर चावताना लाळ शुद्ध होती, एवढा दिलासा घरच्यांना मिळतो. त्यासाठी लस थांबवायची नाही, ती आजच सुरू. मालकाला बजावलं, मारू नका, सोडू नका, रोज खाणं-पाणी द्या, वागण्यात फरक दिसला की फोन करा. शेजारी काठ्या घेऊन आले होते. त्यांनाही हेच सांगितलं. मारलेल्या कुत्र्याकडून काहीच कळत नाही.

संध्याकाळी 5

वावरातली कुत्री उरली होती. रानडुकरांपायी इथे रात्रीची जागली करावी लागते, खाणीकडच्या झुडपांत वाघही दिसतो. जागलीवरच्या माणसाची सोबत म्हणजे त्याचं कुत्रं. ही कुत्री कोल्ह्या-मुंगसांशी भिडतात, म्हणून यांना लस आधी हवी, आणि शिबिरात हीच कधी येत नाहीत. सोयाबीनच्या गंजीजवळ उभं राहून टोचलं. इथे नाव लिहिताना एकानंही आढेवेढे घेतले नाहीत. “माहाच आहे तो,” असं ठसक्यात सांगतात.

संध्याकाळी 7.30

रजिस्टर भरताना एक गोष्ट दरवेळी खटकते. गावातल्या गायी-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला आहे, बारा अंकी क्रमांक आहे, भारत पशुधन पोर्टलवर त्यांची लस, त्यांची रेतनं, सगळं सापडतं. त्याच गोठ्याच्या दारातल्या कुत्र्याची नोंद फक्त माझ्या या रजिस्टरात, आणि हे भरलं की कपाटात जाईल.

म्हणून 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी अर्ज लिहायला घेतलाय. मागणं थोडं आहे. घरपट्टीच्या नोंदवहीत घर क्रमांकासमोर एक रकाना वाढवावा: कुत्रं आहे का, लस कधी झाली. दारात भाकर खाणाऱ्या कुत्र्यासाठी त्या घरानं स्वतःहून नाव दिलं तर त्याची लस मोफत व्हावी, आणि नाव दिल्याबद्दल कोणाला दंड लावू नये. पट्टी भरायला माणूस आला की लसीचं कार्ड बघावं. पहिल्या वर्षी शुल्क नको. लोकांना नाव द्यायची सवय झाली की शुल्काचं पुढे ठरवता येईल.

अर्जासोबत आजच्या नावांची यादी जोडतो आहे. राणीच्या समोर मावशींचं नाव आहे, घर क्रमांक उद्या जाऊन विचारायचा आहे. गायीच्या गोठ्याकडेही उद्याच जायचंय. शेजारच्या दोन बैलांना त्याच कुत्र्यानं फाडलं होतं म्हणे, त्यांची लस उद्यापासून सुरू करायची आहे.