झोप की जाग? एका चिनी शब्दाची उलटापालट

समासाचा विग्रह करून शब्दाचा अर्थ सांगण्याची आपल्याला वर्गात सवय असते. काही चिनी शब्दांच्या बाबतीत मात्र ही रीत आपल्याला चकवते.

चिनी भाषेत क्रियापद आणि त्यामागून कर्म, अशा जोडीने अनेक शब्द बनतात. ‘तू-शू’ म्हणजे शब्दशः ‘वाचणे-पुस्तक’. पण त्याचा अर्थ ‘शिक्षण घेणे’ असाही होतो. अशी जोडी फोडता येते. ‘वाचणे-तीन वर्षे-पुस्तक’ म्हणजे तीन वर्षे शिकणे.

आता ‘श्वे-ज्याव’ हा शब्द पाहू. ‘श्वे’ म्हणजे झोपणे. पण ‘ज्याव’ म्हणजे मुळात जागे होणे! बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत ‘बोधी’साठी हेच चिन्ह वापरले आहे. बाय जू-यी या कवीने इ.स. ८०६ मध्ये रचलेल्या एका दीर्घकाव्यात या जोडीचा अर्थ ‘झोपेतून जागे होणे’ असाच आहे. आज मात्र तिचा अर्थ ‘झोपणे’ असा आहे.

हे कसे घडले? झोपल्यापासून जाग येईपर्यंतचा काळ म्हणजे एक ‘ज्याव’, अशी मोजणी रूढ झाली. ‘झोपणे-एक-ज्याव’ ही रचना दिसायला ‘वाचणे-एक-पुस्तक’ अशीच आहे. म्हणून लोक ‘ज्याव’ला कर्म समजू लागले आणि जागेची झाली झोप!

‘शी-त्साव’ म्हणजे आज आंघोळ करणे. इ.स. १२१ मध्ये सम्राटाला सादर झालेल्या श्यू शन यांच्या कोशात ‘शी’चा अर्थ पाय धुणे आणि ‘त्साव’चा अर्थ हात धुणे असा दिला आहे. म्हणजे हा आपल्या द्वंद्व समासासारखा शब्द. पण आज त्याचीही फोड क्रियापद आणि कर्म अशीच होते.

परका शब्दही या साच्यातून सुटलेला नाही. लिन यूतांग यांनी १९२४ मध्ये ‘ह्यूमर’साठी ‘योव-मो’ हा शब्द योजला. त्यात केवळ उच्चाराचे अनुकरण होते; तरी लोक ‘योव-त्याला-एक-मो’ असे म्हणून त्याची थट्टा करू लागले.

भाषेतील काही बदल अशा ‘चुकीच्या’ फोडीतून होतात. विद्यार्थ्याने एखाद्या शब्दाची चुकीची फोड केली, तर ती दुरुस्त करावीच. पण त्याने कोणता साचा मनात धरला होता, हेही त्याला अवश्य विचारावे.