एरर आठव्या ओळीत का दिसते?

सातव्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन द्यायचा राहतो आणि कंपायलर कित्येकदा एरर दाखवतो आठव्या ओळीत. आठवी ओळ कितीही वेळा वाचली तरी तिच्यात खोट सापडत नाही, कारण ती बरोबरच असते. धाराशिवचं तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालय असो, तुळजापूरचं श्री तुळजाभवानी अभियांत्रिकी महाविद्यालय असो की पुण्या-मुंबईचं एखादं कॉलेज, सी भाषेची पहिली प्रॅक्टिकल्स करणाऱ्याची या प्रकाराशी कधी ना कधी गाठ पडतेच. कंपायलर प्रोग्राम कसा वाचतो हे समजलं, तर त्याचं हे वागणं मुळीच तऱ्हेवाईक वाटत नाही.

आपण इथे जीसीसी हा कंपायलर घेऊ. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा तो फक्त सी भाषेपुरता होता. पुढे सी प्लस प्लस, फोरट्रान, एडा अशा भाषा त्यात आल्या आणि १९९९ पासून त्याचं पूर्ण नाव ‘जीएनयू कंपायलर कलेक्शन’ झालं. त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे.

कंपायलर प्रोग्राम टप्प्याटप्प्याने वाचतो. पहिल्या टप्प्यात अक्षरांचे तुकडे पाडले जातात: हे नाव, हा आकडा, हे अधिकचं चिन्ह, हा कंस. या तुकड्यांना टोकन म्हणतात. अवतरणचिन्ह उघडून बंद केलं नसेल तर ती चूक इथेच पकडली जाते. दुसऱ्या टप्प्यात पार्सर ही टोकनं व्याकरणात बसतात का ते तपासतो. सेमीकोलनचा घोळ इथला. सी भाषेत ओळ संपली म्हणजे विधान संपलं असं नसतं; एकच विधान चार ओळींवर पसरलेलं चालतं. त्यामुळे सातवी ओळ संपली तरी पार्सर पुढचं टोकन येण्याची वाट पाहतो. ते आठव्या ओळीत येतं, व्याकरणात बसत नाही, आणि तेव्हा कुठे पार्सरला चूक कळते. ती जिथे कळली तिथलाच पत्ता तो देतो. घडली कुठे, हे शोधायला वेगळं काम करावं लागतं. जीसीसीने ते २०१८ च्या आठव्या आवृत्तीत केलं. तेव्हापासून तो मागच्या टोकनाचा शेवट गाठून ‘सेमीकोलन इथे हवा’ असं त्या जागी दाखवतो.

एक चूक सापडली म्हणून पार्सर थांबत नाही. पुढचा सेमीकोलन किंवा महिरपी कंस येईपर्यंतची टोकनं तो सोडून देतो आणि तिथून पुन्हा वाचायला लागतो, म्हणजे एकाच वेळी जास्तीत जास्त चुका सांगता येतात. मात्र त्याचा अंदाज चुकला तर पुढचा बरोबर मजकूरही त्याला चुकीचा वाटू लागतो. एका चुकलेल्या कंसातून वीस एरर निघतात त्या अशा. म्हणून सगळ्यात वरची एरर आधी दुरुस्त करून प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा. खालच्या बऱ्याच एरर त्याबरोबरच जातात.

तिसऱ्या टप्प्यात नावं आणि प्रकार तपासले जातात. ‘बेरीज’ या नावाचा व्हेरिएबल जाहीर केला आणि पुढे ‘बेरिज’ लिहिलं, तर व्याकरण बरोबर असतं, पण ते नाव यादीत नसतं. पूर्वी कंपायलर ‘हे नाव जाहीर केलेलं नाही’ एवढं सांगून मोकळा व्हायचा. आता तो यादीतलं प्रत्येक नाव घेऊन मोजतो, की किती अक्षरं घातली, काढली किंवा बदलली तर चुकलेल्या नावावरून तिथे पोचता येईल. सर्वात जवळचं नाव तो सुचवतो: तुम्हाला ‘बेरीज’ म्हणायचं होतं का? नावाच्या लांबीच्या मानाने अंतर फार असेल, तर तो काहीच सुचवत नाही. चुकीची सूचना नवशिक्याला आणखी गोंधळात टाकते. ही सोय २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत स्ट्रक्चरच्या फील्डपुरती आली आणि २०१७ च्या सातव्या आवृत्तीत फंक्शन, टाइप व इतर नावांपर्यंत पोचली.

एवढं अचूक बोट दाखवायचं तर प्रत्येक टोकनाची ओळ आणि त्या ओळीतली जागा शेवटपर्यंत जपून ठेवावी लागते. मोठ्या प्रोग्राममध्ये टोकनं लाखोंनी असतात, त्यामुळे मेमरीचा प्रश्न येतो. जीसीसीने ही माहिती अनेक वर्षं ३२ बिटांच्या एकाच आकड्यात कोंबून बसवली होती. चुकीची ओळ छापून तिच्याखाली बाणासारखी खूण करणं २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून आपोआप होऊ लागलं. ॲपलने २००७ मध्ये खुला केलेला क्लँग हा दुसरा कंपायलर त्याआधीपासून तशी खूण दाखवत होता, आणि त्याच्या स्पष्ट संदेशांची प्रोग्रामर मंडळींत वाहवा होत होती. त्या स्पर्धेचा फायदा जीसीसी वापरणाऱ्यांना झाला.

चुका नसल्या की प्रोग्राम पुढे जातो आणि शेवटी प्रोसेसरच्या सूचनांमध्ये उतरतो. कोणत्या प्रोसेसरवर कोणत्या सूचना आहेत, हे ‘मशीन डिस्क्रिप्शन’ नावाच्या फायलींमध्ये लिहिलेलं असतं. पुण्याच्या तेव्हाच्या केपीआयटी कमिन्स कंपनीतल्या अभियंत्यांनी सीआर१६ या प्रोसेसरसाठी असा भाग लिहून जीसीसीला दिला होता. या फायली हजारो ओळींच्या असतात आणि नवख्याला त्यांत शिरायला वाट सापडत नाही.

ही वाट आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या गटाने शोधली. तिथल्या जीसीसी रिसोर्स सेंटरने देशभरातल्या शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या. समीरा देशपांडे आणि खेडकर यांनी २००७ मध्ये मशीन डिस्क्रिप्शन पायरीपायरीने लिहिण्याची पद्धत मांडली. त्यासाठी त्यांनी स्पिम हा शिकवण्यासाठी वापरला जाणारा मिप्स प्रोसेसरचा सिम्युलेटर निवडला. सुरुवातीच्या पायरीवर कंपायलर नुसता बांधला जातो आणि रिकाम्यासारखा प्रोग्राम कंपाइल करतो. त्यानंतर क्रमाने व्हेरिएबलला किंमत देणं, अंकगणित, फंक्शन कॉल आणि शेवटी अटींवर वाट बदलणं येतं. शेतातलं घर एका खोलीने सुरू करावं, तिच्यात राहायला जावं आणि मग सोईने ओसरी, पडवी जोडत जावं, तसं हे काम आहे. प्रत्येक पायरीवर हातात असतो तो छोटा का होईना, पण चालणारा कंपायलर.

कंपायलरला अजून न शिकवलेली सूचना पुढे आली, तर तो ‘इंटर्नल कंपायलर एरर’ म्हणून थांबतो. ही एरर नेहमीच्या एररपेक्षा वेगळी. नेहमीची एरर प्रोग्राम लिहिणाऱ्याची चूक दाखवते, ही खुद्द कंपायलरची. म्हणून रोजच्या वापरातल्या जीसीसीने ती दाखवली, तर त्यासोबत बग कळवण्याची विनंतीही छापलेली असते.

एररच्या संदेशांत केलेली दुरुस्ती टिकवण्याची रीतही सोपी आहे. एखादा संदेश सुधारला की त्याच्यासाठी मुद्दाम चुकीचा लिहिलेला छोटा प्रोग्राम चाचण्यांच्या संचात ठेवतात आणि ज्या ओळीत एरर यायला हवी तिथे टिप्पणी म्हणून अपेक्षित शब्द लिहितात. पुढे कुणाच्या बदलामुळे तो संदेश बिघडला, तर चाचणी नापास होते आणि बिघाड लगेच उघडा पडतो. जीसीसीची मोठी आवृत्ती साधारण वर्षातून एकदा येते. तिच्यात असे शेकडो लहान बदल असतात.

या कामात भाग घ्यायला मुंबईला राहायला जावं लागत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी भाषेचे पाठ मराठीतही आहेत. त्यांत प्रोग्राम जीसीसीवर चालवून नेहमीच्या चुका आणि त्या कशा सुधारायच्या हे दाखवलं आहे. जीसीसीत आपला कोड द्यायचा तर पूर्वी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनशी कॉपीराइटचा कागदोपत्री करार करावा लागे. २०२१ पासून ‘हे देण्याचा मला हक्क आहे’ अशी ओळ जोडण्याचा पर्यायही आहे.

धाराशिवच्या विद्यार्थ्यांना सांगणं एवढंच: एरर आली की ती पुसण्याआधी पूर्ण वाचा, आणि कंपायलरने असाच संदेश का दिला असेल याचा विचार करा. संदेश दिशाभूल करणारा वाटला, तर तो दाखवणारा लहानात लहान प्रोग्राम लिहून जीसीसीच्या ‘बगझिला’ या तक्रारी नोंदवण्याच्या संकेतस्थळावर नोंदवा. नेमकी नोंदवलेली तक्रार हेही मुक्त स्रोतातलं खरं योगदान आहे, आणि ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखं आहे.