कोरड्या नळीचा कारभार

गिरणगावातील जुन्या कापडगिरण्यांच्या छताखालून, मागांच्या रांगांवरून, पितळी तोट्या मिरवीत धावणारे लोखंडी नळ ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ते नळ बारमास पाण्याने भरलेले असतात आणि आगीच्या उष्णतेने तोटीवरचा डाख वितळला की नेमके तेथेच पाणी कोसळते, हे निराळे सांगण्याचे प्रयोजन नाही. माझे कुतूहल त्यापुढचे होते, आणि ते कित्येक वर्षे मानगुटीस बसले होते. अमेरिकेतील ज्या न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत ही विद्या वाढीस लागली, तेथे भर हिवाळ्यात उघड्यावरच्या पाण्याचा दगड होतो. मग ऊब नसलेल्या वखारीत, माळ्यावर, माल उतरविण्याच्या पडवीत हा भरलेला नळ टिकतो कसा?

तो टिकत नाही. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते, आणि बर्फाचा बोळा व नळाचे बंद टोक यांच्यामध्ये सापडलेल्या पाण्यावर जो दाब चढतो, तो बिडाचे सांधे सहज फोडतो. तथापि ही फूट उघडकीस येते ती थंडी ओसरल्यावर, बर्फ वितळून खालच्या मालावर धार लागते तेव्हा.

न्यू हेवनचा पियानो-कारखानदार हेन्री पार्मेली याने 1874 साली स्वयंचलित तोटीचे पेटंट घेतले, हा इतिहास सर्वत्र छापलेला असल्याने मी त्यावर रेंगाळत नाही. मला मोह पडला तो फ्रेडरिक ग्रिनेल या इसमाचा. 1836 साली न्यू बेडफर्ड येथे जन्मलेला, रेन्सेलर पॉलिटेक्निकमधून 1855 साली पदवी घेऊन बाहेर पडलेला, आगगाडीची व वाफेची यंत्रे करणाऱ्या कारखान्यांत उमेदवारी केलेला हा गृहस्थ 1869 साली प्रॉव्हिडन्स स्टीम अँड गॅस पाइप कंपनीचा प्रमुख भागधारक झाला. पार्मेलीच्या तोटीत डाखाची टोपी पाण्याला चिकटून असल्याने थंड राही व वितळण्यास दिरंगाई करी. ग्रिनेलने 1881 साली डाख पाण्यापासून दूर नेला आणि तोटी चपळ केली. मँचेस्टरच्या मॅदर अँड प्लॅट कंपनीच्या विल्यम मॅदर याने अमेरिका व कॅनडा वगळून उर्वरित जगाचे हक्क त्याच्याकडून मिळविले. या पेढीचे नाव आपल्या चिंचवडच्या कारखान्यामुळे मराठी वाचकांस अपरिचित नाही. ग्रिनेलच्या नावावर चाळीसच्या आसपास पेटंटे जमा आहेत, आणि त्याने जी कोरड्या नळीची झडप सिद्ध केली, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. माझ्या मते हा अन्याय आहे.

युक्ती अशी की, गोठणाऱ्या भागातील नळांत पाण्याऐवजी दाबलेली हवा भरावयाची, आणि पाणी उबदार कोठडीतील एका झडपेपाशी अडवून ठेवावयाचे. पाण्याचा जोर मोठा आणि हवेचा अल्प, तरीही झडप मिटलेली राहते, याचे रहस्य क्षेत्रफळात आहे: झडपेचे हवेकडील तोंड पाण्याकडील तोंडाच्या पाच-सहा पट रुंद केलेले असते, त्यामुळे शंभर पौंडांच्या पाण्याला वीस पौंडांची हवा थोपवून धरते. आग लागून एक तोटी उघडली की हवा निसटते, समतोल बिघडतो, झडप ताडकन उलटते आणि परत मिटू नये म्हणून खाचेत अडकते; मग पाणी धावते. आतील जुने पाणी निथळून जावे म्हणून सर्व नळांना उतार द्यावा लागतो, आणि लटकत्या तोटीत पाणी साचते म्हणून तोट्या बहुधा नळाच्या माथ्यावर उभ्या बसवितात.

परंतु या बंदोबस्ताची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि विमा कंपन्यांचा राग त्यावरच होता. तोटी उघडल्यावर प्रथम हवा बाहेर पडणार, मागाहून पाणी येणार. तेवढ्या अवकाशात आग शेजारच्या तोट्याही उघडणार. 1895 साली बोस्टनमध्ये विमा-मंडळांचे अधिकारी नळांच्या मापांचा घोळ मिटविण्यास जमले, कारण त्या एका शहराच्या शंभर मैलांत नळ बसविण्याच्या नऊ निरनिराळ्या पद्धती चालू होत्या. त्या बैठकीस खुद्द ग्रिनेलही हजर होता. माल विकणारा नियम लिहिण्यास बसला याबद्दल कोणी नाक मुरडील, पण झडपेचे दोष त्याच्याहून अधिक कोणास ठाऊक होते? पुढच्याच वर्षी नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन स्थापन झाली. तिच्या नियमांचा कल आजही असा आहे की, इमारत उबदार ठेवता येत असेल तर भरलेला नळच वापरावा. कोरडा नळ हा निरुपायाचा मार्ग. म्हणूनच कोरड्या नळांसाठी पाण्याचा हिशेब करताना आगीचे क्षेत्र 30 टक्क्यांनी मोठे धरतात, आणि 500 गॅलनांहून मोठ्या व्यवस्थेत दूरच्या तोटीपर्यंत साठ सेकंदांत पाणी पोचलेच पाहिजे, अशी सर्वसाधारण अट घालतात.

आळशी माणसाने याला पळवाट काढली ती पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लिसरीन मिसळण्याची. 2009 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील ट्रकी या गावी एका घराच्या स्वयंपाकघरात आग लागली असता तोटीतून आलेले मिश्रण विझविण्याऐवजी स्वतःच पेटले व एक जीव गेला. मिश्रणात ग्लिसरीनचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास होते. पुढे परीक्षणे झाली आणि अशा मिश्रणांवर कडक निर्बंध आले.

हे सारे हिमप्रदेशाचे दुखणे, आपणास काय त्याचे, असे ज्यांना वाटेल त्यांनी कोळंबी व मासळी साठविणारी आपल्या कोकणपट्टीतील शीतगृहे आठवावीत. बाहेर घाम फुटतो आणि आत उणे 18 अंश. तेथे कोरड्या नळीचा एक विलक्षण रोग जडतो: दाबयंत्र जर बाहेरची दमट हवा नळांत भरीत असेल, तर त्या हवेतील बाष्प थंड भागात शिरताच गोठते, थरावर थर चढून बर्फाचा बोळा बनतो, आणि पाणी गोठू नये म्हणून कोरडी ठेवलेली नळी स्वतःच्या हवेनेच तुंबते. म्हणून शक्यतो गोठलेल्या खोलीतीलच कोरडी हवा ओढून, अथवा हवा सुकवून, नळांत भरावी असा दंडक आहे. सांध्यांत थोडे पाणी राहिले व हवा खेळत राहिली की गंजही अधिक वेगाने खातो, म्हणून काही ठिकाणी आता हवेऐवजी नत्रवायू भरतात.

ज्यांच्या ताब्यात अशी शीतगृहे आहेत त्यांना एवढीच विनंती की, झडपेची चाचणी कागदावर उरकू न देता दरसाल आपल्या समक्ष करवून घ्यावी, आणि सखल जागेतील निचऱ्याच्या तोट्या उघडून आत पाणी साचलेले नाही याची खातरजमा करावी.